चारदीवारी, पाटी आणि जाड अक्षर

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'जयपूरच्या इतिहासावर काही लिहा' अशी आज्ञा केली, तेव्हा राजेरजवाड्यांचा इतिहास आम्ही लिहावा अशीच त्यांची अपेक्षा असणार. परंतु तो लिहिण्यास आमच्याहून अधिकारी माणसे पुष्कळ आहेत. आमची उभी नोकरी केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत गेली. नावाच्या पाट्या, शिक्के, परिपत्रके यांच्याशीच आमचा नित्य संबंध. तेव्हा आपल्या मंडळाची पाटी आणि तिच्यावरील जाडे, वाटोळे अक्षर हाच विषय आम्ही निवडला आहे. विषय लहान दिसतो खरा. पण त्याचा एक धागा जयपुरातून मुंबईच्या छापखान्यापर्यंत आणि तेथून परत आपल्या दारापर्यंत येतो, हे वाचकांच्या ध्यानी येईल अशी आशा आहे.

आमची जयपूरला पहिली बदली १९९८ साली झाली. त्या वेळी मंडळाचे कार्यालय चारदीवारीतील एका माडीवर होते आणि जुनी पाटी उन्हाने विटून गेली होती. नवी पाटी रंगवून घेण्याचे काम नवख्या सभासदाच्या गळ्यात पडते, तसे ते आमच्या गळ्यात पडले. किशनपोल बाजाराच्या एका गल्लीत बसणारे एक वृद्ध पेंटर आम्हास कोणी सुचविले. आम्ही कागदावर मजकूर लिहून दिला. चौथ्या दिवशी पाहण्यास गेलो, तो पाटी झकास उतरली होती. अक्षरे काळीभोर, टपोरी, रस्त्याच्या पलीकडून वाचावीत अशी. फक्त 'मंडळ' या शब्दाचे 'मंडल' झाले होते. ही कथा पुढे पुरी करू. प्रथम ज्या गावात ती घडली त्या गावाकडे वळू.

सवाई जयसिंह यांनी १८ नोव्हेंबर १७२७ रोजी जयपूरचा पाया घातला. विद्याधर भट्टाचार्य यांच्या साहाय्याने नऊ चौकड्यांची, सरळ रस्त्यांची ही नगरी आखली गेली आणि तिच्याभोवती तट उभा राहिला. तटाच्या आतील ते जुने शहर म्हणजे चारदीवारी. कोणी त्यास परकोटाही म्हणतात. याच जयसिंहांच्या पदरी सम्राट जगन्नाथ हे महाराष्ट्रीय पंडित होते. युक्लिडच्या भूमितीचे 'रेखागणित' या नावाने त्यांनी संस्कृतात रूपांतर केले. आपण येथे पोटासाठी आलो. आपल्या आधी पावणेतीनशे वर्षे एक मराठी माणूस येथे भूमितीसाठी आला होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१८७६ साली प्रिन्स ऑफ वेल्स अल्बर्ट एडवर्ड यांच्या भेटीच्या निमित्ताने सवाई रामसिंह यांनी शहरास गुलाबी रंग देवविला, ही कथा सर्वश्रुत आहे. पण या गुलाबी भिंतींवरील आणखी एका गोष्टीकडे प्रवाशांचे लक्ष सहसा जात नाही. जौहरी बाजारातून किंवा त्रिपोलिया बाजारातून चालत जावे, तो दुकानांवरच्या पाट्या एका वळणाच्या दिसतात : पांढऱ्या पट्टीवर काळी अक्षरे, दुकानाचे नाव आणि क्रमांक. सराफ असो की पितळेची भांडी विकणारा, पट्टी तीच आणि रंग तोच. ६ जुलै २०१९ रोजी युनेस्कोने या शहरास जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. शहराच्या या एकसारख्या रूपाचे मोल त्यामुळे अधिकच वाढले. जेथे पट्टी आणि रंग सर्वांना सारखेच, तेथे दुकानदाराचा स्वभाव उमटण्यास एकच जागा उरते, ती म्हणजे अक्षराचे वळण.

आता जाड अक्षराची गरज का पडते हे पाहू. पाटीच्या धंद्यात एक ढोबळ हिशेब सांगतात : दर दहा फुटांच्या अंतरास एक इंच उंचीचे अक्षर. चारदीवारीचे मुख्य रस्ते शंभर फुटांहून अधिक रुंद आहेत. म्हणजे पलीकडच्या पदपथावरून नाव सुखाने वाचता यावे तर अक्षर दहा इंच उंच हवे. पण पट्टीची उंची मर्यादित, आणि आपली देवनागरी तर तीन मजल्यांची! वर मात्रा, वेलांटी, रफार, मध्ये मूळ अक्षर, खाली उकार. रोमन अक्षर पट्टीची सगळी उंची व्यापू शकते; देवनागरी अक्षराला वरच्या व खालच्या बिऱ्हाडकरूंसाठी जागा सोडावी लागते आणि स्वतः मधल्या खोलीत राहावे लागते. उंची वाढविता येत नाही, म्हणून पेंटर जाडी वाढवितो. दुरून पाहताना प्रथम बारीक रेघा नाहीशा होतात. जाड रेघ टिकते.

आणि जाड अक्षर वाटोळे का होते? भरलेला ब्रश टेकला की रंग आपोआप गोल पसरतो. कोन धारदार ठेवावयाचा तर दुसरा बारीक ब्रश घेऊन तो कोरावा लागतो. तात्पर्य, वाटोळेपणा हा हातास सोपा आणि डोळ्यास सौम्य. पेंटर सुतळीला खडूची पूड लावून ती पाटीवर ताणतो, टिचकी मारून दोन रेषा उमटवितो, त्या रेषांत खडूने अक्षराचा सांगाडा काढतो आणि मग त्याला अंगाने भरतो. अक्षर 'भरणे' हाच त्यांचा शब्द आहे.

छापखान्यात मात्र हे इतके सोपे नव्हते. पाश्चात्य देशांत जाहिरातीसाठी मुद्दाम फुगविलेली जाड अक्षरे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये निघाली. पुढे १९२२ च्या सुमारास अमेरिकेत शिकागो येथील ऑस्वल्ड कूपर यांच्या 'कूपर ब्लॅक' या गुबगुबीत वळणाने दुकानांच्या आणि वृत्तपत्रांच्या जाहिराती काबीज केल्या. देवनागरीस मात्र त्या काळात साध्या वाचनाचे सुबक अक्षर मिळविण्यासाठीच झगडावे लागत होते. या झगड्याचे मोठे श्रेय मुंबईच्या जावजी दादाजी यांच्याकडे जाते. १८३९ साली जन्मलेला हा गरीब घरचा मुलगा अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामास लागला, आणि पुढे त्याने स्वतःची ओतशाळा काढून 'निर्णयसागर' छापखाना उभा केला. राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कसबी कारागिराची त्यांना साथ होती. निर्णयसागरचे खिळे इतके डौलदार उतरले की संस्कृत ग्रंथ छापावा तर तेथेच, अशी ख्याती झाली. १८९२ साली जावजी निवर्तले, तेव्हा त्यांचे अक्षर मुंबईच्या सीमा केव्हाच ओलांडून गेले होते.

येथेच जयपूर पुन्हा आपल्या कथेत येते. १८८६ साली निर्णयसागरने 'काव्यमाला' ही संस्कृत काव्यांची प्रसिद्ध माला सुरू केली. तिचे संपादक दोन : एक मुंबईचे काशिनाथ पांडुरंग परब आणि दुसरे जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद. म्हणजे जयपूरच्या पंडिताची विद्या आणि मुंबईच्या मराठी कारागिराचा खिळा यांची भेट एकशेचाळीस वर्षांपूर्वीच झाली आहे. महाराष्ट्र आणि राजस्थान यांच्या संबंधांविषयी लिहिताना लोक तलवारीचे प्रसंगच अधिक सांगतात. हा खिळ्यांचा संबंध कोणी सांगत नाही, म्हणून येथे नमूद केला.

पुस्तकाचे अक्षर हातभर अंतरासाठी. पाटीचे अक्षर रस्त्याभर अंतरासाठी. दुसऱ्या प्रकारचे खिळे शिशात ओतणे महाग आणि जड पडे. म्हणून मोठ्या भित्तिपत्रकांसाठी लाकडात कोरलेली अक्षरे वापरीत, किंवा चित्रकाराकडून नाव रंगवून घेऊन त्याचा ठसा करीत. यातूनच मराठीत अक्षरे रेखाटणाऱ्या कलावंतांची एक थोर परंपरा उभी राहिली. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींतील नावे अशी रेखाटली की नाव वाचताच नाटकाची प्रकृती कळावी. परगावी राहणाऱ्या आमच्यासारख्यांना ती नाटके पाहावयास मिळत नसत. पोस्टाने चार दिवस उशिरा येणाऱ्या वृत्तपत्रात त्यांची नावे तेवढी पाहून समाधान मानावे लागे.

देवनागरी अक्षर जाड करण्यात खरी अडचण काय, हे वाचकांनी स्वतः करून पाहावे. पेन्सिलीने 'ग' काढा आणि रेघ जाड करीत जा; फारसे बिघडत नाही. आता 'क्ष', 'ज्ञ', 'भ', 'ळ' घ्या. रेघ जाडावत जाते तशी आतली पोकळी आक्रसते, गाठ बुजते आणि शेवटी अक्षराच्या जागी काळा गोळा उरतो. रोमन 'ओ'च्या पोटात एक पोकळी. आपल्या 'ळ'च्या पोटात दोन, आणि वर शिरोरेषेचे छप्पर. म्हणून जाड देवनागरी काढणाऱ्याचे कसब काळ्या रेघेत नसते. आत किती पांढरे राखले यात असते.

आमच्या पेंटरांनी हे आम्हास न सांगता शिकविले. 'मंडल' पाहून आम्ही काहीसे नाराजीनेच कागदावर 'ळ' काढून दाखविला. ते म्हणाले, हा अक्षर आम्हाला शाळेत शिकविला नाही. मग त्यांनी आमचा उच्चार पुन्हा करावयास लावला आणि एकदम हसले. "यह तो हमारे घर की बोली में है, साहब. काळो! बोलते रोज हैं, लिखते कभी नहीं." खरोखरच राजस्थानी बोलींत 'ळ' आहे; राजस्थानी लेखक तो आपल्या पुस्तकांत छापतातही. तो हिंदीच्या नित्य लेखनात नाही, एवढेच. जो वर्ण आम्ही आमचा एकट्याचा म्हणून मिरवीत होतो, तो त्या म्हाताऱ्याच्या घरीही पिढ्यान्‌पिढ्या नांदत होता. पुढे वाचनात आले की ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत हा वर्ण आहे. गुजराती, ओडिया आणि दक्षिणेच्या भाषांतही तो आहे.

पेंटरांनी 'ल' पुसून तेथे 'ळ' काढला. पण उरलेल्या अक्षरांच्या जाडीने तो भरताच दोन काळे लाडू शेजारी ठेवल्यासारखे दिसू लागले. आम्ही मुकाट्याने पैसे काढले. त्यांनी ते घेतले नाहीत. ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले, तेथून पाहिले, परत आले आणि बारीक ब्रश पांढऱ्या रंगात बुडवून त्या दोन्ही लाडवांत एकेक बारीक, वळणदार चीर पाडली. अक्षर जागच्या जागी जिवंत झाले. काळा रंग एक थेंबही न वाढविता त्यांनी 'ळ' वाचविला.

या प्रसंगानंतर बऱ्याच वर्षांनी, संगणकाच्या पडद्यावर, आम्ही तीच चीर पुन्हा पाहिली. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या संस्थेने 'मोदक' नावाचे एक वळण तयार केले आहे. ते २०१५ च्या सुमारास सर्वांना विनामूल्य उपलब्ध झाले. नावाप्रमाणेच अक्षर गुबगुबीत, देवनागरीतील अत्यंत जाड वळणांपैकी एक. त्यातील पोकळ्या इतक्या आक्रसल्या आहेत की त्यांच्या केवळ बारीक रेघा उरल्या आहेत. तरीही प्रत्येक अक्षर ओळखू येते, कारण ती प्रत्येक रेघ नेमक्या जागी आहे. किशनपोलच्या गल्लीतील युक्ती आणि मुंबईच्या संगणकावरील युक्ती एकच.

याच संस्थेचे दुसरे वळण 'बालू'. नावावरून किपलिंगच्या 'जंगल बुक'मधील अस्वल कोणासही आठवेल, आणि अक्षरही तसेच आहे : अंगाने भरलेले, स्वभावाने प्रेमळ. याची देवनागरी सारंग कुलकर्णी यांची. परंतु आम्हास कौतुक वाटले ते त्याच्या भावंडांचे. एकाच वळणाची अक्षरे अनेक भारतीय लिपींत करून प्रत्येकास त्या त्या भाषेतील 'भाऊ' या अर्थाचा शब्द जोडला आहे : गुजरातीत भाई, पंजाबीत पाजी, बंगालीत दा, ओडियात भाइना, तमिळमध्ये तंबी, तेलुगूत तम्मुडू, कन्नडमध्ये तम्मा, मल्याळममध्ये चेट्टन, उर्दूत भाईजान. बदल्यांच्या निमित्ताने देशभर फिरलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांना ही यादी म्हणजे जुन्या शेजाऱ्यांची यादीच वाटेल.

या अक्षराचे उपयोग कोणते आणि कोठे ते वापरू नये, हेही सांगितले पाहिजे. मिठाईच्या खोक्यावर, मुलांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, गणेशोत्सवाच्या कमानीवर, दुकानाच्या पाटीवर ते शोभते. दोन-चार शब्दांपुरतेच शोभते. त्यात परिच्छेद छापला तर वाचकाचा दम कोंडतो. कार्यालयीन पत्रव्यवहारासाठी वेगळे वळण हवे. आमच्या कचेऱ्यांत हिंदीसाठी घरोघरी झालेले 'मंगल' हे वळण रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) या मराठी अक्षरतज्ज्ञांचे आहे, हे त्यावर रोज टंकलेखन करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

जाड अक्षराच्या गैरवापराचा एक प्रसंग आमच्याच हातून घडला आहे. तो येथे कबूल करतो. काही वर्षांपूर्वी मंडळाच्या एका ज्येष्ठ संस्थापक-सदस्यांचे निधन झाले. शोकसभेची सूचना काढावयाची होती. संगणकात गणेशोत्सवाचे पत्रक तयार होते. त्यातील मजकूर खोडून आम्ही घाईत नवा घातला. अक्षराकडे लक्षच गेले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा काकूंच्या हातात तो कागद होता. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "हे आपल्या गणपतीच्या पत्रकातले अक्षर ना? त्यांना फार आवडायचे ते." त्यांनी आमची चूक पदरात घेतली, पण त्या टपोऱ्या, हसऱ्या अक्षरांत छापलेले 'दुःखद निधन' हे शब्द आम्ही अजून विसरलो नाही. अक्षरालाही चेहरा असतो, आणि कोणत्या घरी कोणता चेहरा घेऊन जावे हे माणसासारखेच अक्षरालाही कळले पाहिजे, निदान ते जुळविणाऱ्यास तरी.

आता सुवर्णमहोत्सवानिमित्त नवी पाटी करावयाची ठरली, तेव्हा कार्यकारिणीत दोन मते पडली. तरुण सभासदांचे मत छापील फ्लेक्सकडे होते. ते स्वस्त आणि एका दिवसात होणारे. नमुना मागविला. अक्षर छान जाड, वाटोळे. आणि पुन्हा 'मंडल'! विचारता उत्तर मिळाले की तो अक्षर संगणकात नाही. हे उत्तर आम्ही नोकरीच्या सवयीने तपासून पाहिले. केंद्र सरकारने मान्य केलेल्या 'इन्स्क्रिप्ट' कळफलकावर ज्या कळीवर 'ल' आहे, तीच कळ शिफ्टसह दाबली की 'ळ' उमटतो. अंतर एका बोटाचे आहे. वृद्ध पेंटरांना 'ळ' ठाऊक होता आणि लिहिता येत नव्हता. येथे तो बोटाखाली होता आणि कोणी दाबला नव्हता.

'मंडल काय नि मंडळ काय, लोकांना कळल्याशी कारण' असे एका सभासदांनी म्हटले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. १९७६ च्या राजभाषा नियमांत राजस्थान 'क' क्षेत्रात आहे. येथे हिंदीचा मान राखणे आमचे कर्तव्यच आहे आणि आम्ही ते नोकरीत निष्ठेने केले आहे. महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्यांवर मराठी असावी आणि तिचे अक्षर इतर लिपींहून लहान नसावे, यासाठी २०२२ साली कायद्यात सुधारणा करावी लागली. येथे तसा कायदा नाही, आणि असावा असेही आमचे म्हणणे नाही. परंतु येथे जन्मलेली आमची मुले मराठी ऐकतात, बोलतात आणि शाळेत हिंदी लिहितात. 'बाळ', 'काळजी', 'सकाळ' हे शब्द त्यांच्या तोंडी 'ळ'ने येतात आणि लेखणीतून 'ल'ने उतरतात. आठवड्यातून एकदा मंडळाच्या जिन्यावर चढताना त्यांच्या डोळ्यांपुढे जो 'ळ' येतो, तो बहुधा त्या आठवड्यातला एकमेव. तो बुजलेला असून चालणार नाही.

अखेर पाटी रंगवूनच घ्यावी असे ठरले. आमचे जुने पेंटर आता शिडीवर चढत नाहीत. त्यांच्या मुलाने रंगकाम केले. वडील खुर्ची टाकून खाली बसले होते. पांढरी पट्टी, काळी अक्षरे. चारदीवारीच्या रीतीस धरून. 'ळ' भरून झाल्यावर मुलगा ब्रश खाली ठेवू लागला, तेव्हा म्हाताऱ्यांनी त्यास थांबविले, रस्त्याच्या पलीकडे पाठविले आणि तेथून पाहून येण्यास सांगितले. तो परत आला आणि काही न बोलता पांढऱ्या रंगाचा डबा उघडू लागला.

सुवर्णमहोत्सवास परगावाहून येणाऱ्या बंधुभगिनींना आमची एवढीच विनंती आहे की, जिना चढण्यापूर्वी क्षणभर समोरच्या पदपथावर उभे राहावे आणि तेथून पाटी वाचावी. शेवटचे अक्षर नीट वाचता आले, तर पेंटरांचे आणि मंडळाचेही श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.